शिश्नाचा कर्करोग आणि प्रशासनाचे मौन

शीर्षकात 'पुरुषांचा एक विशिष्ट कर्करोग' असा मोघम शब्दप्रयोग करावा, असे या लेखाचा मसुदा वाचणाऱ्या एका स्नेह्याने सुचविले होते. ती सूचना मी स्वीकारली नाही. नाव न घेतल्यामुळेच जो आजार वाढतो, त्याच्यावरील लेखाचे शीर्षकही आडपडद्याने लिहायचे, तर लेख लिहिण्याचे प्रयोजनच उरत नाही. सुश्रुताने या अवयवाच्या विकारांसाठी शूकदोष या नावाने स्वतंत्र विवेचन केले, त्यात तेथील अर्बुदांचा निर्देश केला, आणि पुढची त्वचा मागे न सरकण्याच्या विकाराला निरुद्धप्रकश असे नेमके नाव दिले. नंतरच्या काळात आपण हे सर्व 'गुप्तरोग' या एकाच शब्दाच्या पोत्यात भरले आणि पोत्याचे तोंड बांधून टाकले. आता ते उघडण्याचे काम रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर जाहिराती रंगविणारे भोंदू तेवढे करतात.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे, वैद्यकाचा नव्हे. त्यामुळे पुढे आलेली वैद्यकीय माहिती ही या विषयातील तज्ज्ञांची सर्वमान्य माहिती आहे. मत मांडायचे आहे ते प्रशासनाविषयी.

प्रथम आकडे. २०२० सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी जगात शिश्नाच्या कर्करोगाचे सुमारे ३६ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे १३ हजार मृत्यू झाले. त्यांपैकी दहा हजारांहून अधिक रुग्ण एकट्या भारतातील होते. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा अठरा टक्क्यांच्या आसपास असताना या आजारात तो पाव हिश्शाहून मोठा आहे. युरोप-अमेरिकेत दर लाख पुरुषांमागे वर्षाला एकाहूनही कमी रुग्ण आढळतो. आपल्याकडे शहरांत हे प्रमाण एक ते दोनच्या दरम्यान आणि ग्रामीण भागात तीनपर्यंत जाते. मुंबईत कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदणी १९६३ पासून होत होती. परंतु सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाल्यावर, शहरी डॉक्टरांना क्वचित दिसणारा हा आजार खेड्यात तितका क्वचित नाही, हे कागदावर आले.

यावर नियोजनकाराचे ठरलेले उत्तर असे की देशातील एकूण नव्या कर्करोगांत याचा वाटा एका टक्क्याहून कमी आहे, सबब प्राधान्य नाही. सरासरीच्या आधारे घेतलेला हा निर्णय सरासरीपुरता बरोबरही आहे. परंतु ज्यांना हा आजार होतो ते समाजात समप्रमाणात विखुरलेले नाहीत. ते बहुतांशी ग्रामीण, गरीब, पन्नाशी-साठीतील आणि कमी शिकलेले पुरुष आहेत. दुसरे असे की हा आजार बव्हंशी टाळता येण्याजोगा आणि लवकर सापडल्यास बरा होण्याजोगा आहे. टाळता येण्याजोग्या दहा हजार आजारांना इतर दहा हजारांच्याच तराजूत तोलणे हे चुकीचे अर्थशास्त्र आहे.

हा कर्करोग जवळजवळ नेहमीच त्वचेच्या पेशींतून सुरू होतो, तोही शिश्नाच्या बोंडावर किंवा त्यावरील त्वचेच्या आतल्या बाजूस. ही त्वचा मागे सरकत नसेल, तर तिच्याखाली साचणारा मळ व वारंवार होणारा दाह वर्षानुवर्षे तसाच राहतो. त्वचा न सरकण्याची ही स्थिती, म्हणजे फायमोसिस, हे या आजाराचे एक प्रमुख कारण समजले जाते. दुसरे कारण एचपीव्ही हा विषाणू. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे असणारा हाच विषाणू या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांत सापडतो. तिसरे कारण तंबाखू, मग ती ओढलेली असो वा चघळलेली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आपल्या देशातील ४२ टक्के प्रौढ पुरुष कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत असल्याचे दिसले. तंबाखूच्या पुडीवरील चित्रे पाहून तोंडाचा कर्करोग सर्वांना ठाऊक झाला. या अवयवाशी तिचा संबंध आहे हे मात्र सुशिक्षितांनाही सांगितल्यावर खरे वाटत नाही. एचआयव्हीचा संसर्ग आणि त्वचा पांढरी व कडक करणारा एक चिवट त्वचाविकार यांचाही या कारणांत समावेश होतो.

बालपणी सुंता झालेल्या पुरुषांत हा कर्करोग अत्यंत विरळ आहे, ही गोष्ट जगभरच्या आकडेवारीतून सिद्ध झालेली आहे. तिचा धार्मिक अन्वयार्थ लावण्याचे कारण नाही आणि सर्वांची सुंता करा असा निष्कर्षही त्यातून निघत नाही. प्रौढपणी केलेल्या सुंतेने तेवढे संरक्षण मिळत नाही. निष्कर्ष एवढाच की त्वचा मागे सरकत असेल तर ती सरकवून रोज साध्या पाण्याने धुणे, आणि सरकत नसेल तर डॉक्टरांकडून ती अडचण दूर करून घेणे पुरेसे आहे. ही शस्त्रक्रिया ग्रामीण रुग्णालयात स्थानिक भूल देऊन होऊ शकते. लहान मुलांत ही त्वचा निसर्गतःच चिकटलेली असते, ती बळाने ओढू नये, हेही मातापित्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे.

'रोज धुवावे' हे वाक्य लिहायला सोपे आहे. ते पाळण्यासाठी पुरुषाला आडोसा लागतो, ही बाब आपल्या स्वच्छताविषयक चर्चेत कधी येत नाही. स्त्रियांच्या स्नानगृहाचा प्रश्न निदान बोलला तरी जातो. पुरुष मात्र हातपंपावर, विहिरीच्या काठी, बांधकामावरच्या टाकीपाशी अंतर्वस्त्रावर आंघोळ करतो, आणि त्याला कसली आली अडचण, असे आपण धरून चालतो. अंतर्वस्त्रावर आंघोळ करणाऱ्याची नेमकी ही जागा आयुष्यभर धुतली जात नाही. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण भागातील सुमारे ५५ टक्के कुटुंबांकडे घराच्या आवारात स्नानाची कोणतीही सोय नव्हती. त्यानंतर शौचालये झाली, २०१९ पासून जलजीवन मिशनमधून नळही घरोघरी पोहोचू लागले. परंतु नळ अंगणात आला म्हणजे आडोसा आला असे होत नाही. कोट्यवधी स्थलांतरित मजूर तर या दोन्ही योजनांच्या बाहेर, ठेकेदाराच्या पत्र्याच्या वसाहतींत राहतात.

आता लक्षणे. बरी न होणारी जखम किंवा लहानसा कठीण उंचवटा, मखमलीसारखा लाल चट्टा, त्वचेखालून येणारा दुर्गंधीयुक्त स्राव, रक्त येणे. आणि पूर्वी सहज मागे सरकणारी त्वचा उतारवयात सरकेनाशी होणे. या शेवटच्या लक्षणाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, कारण त्वचेआड काय चालले आहे ते रुग्णाला दिसतच नाही. सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी रोजगार बुडवून दवाखान्यात कोण जाईल? पुढे जांघेत गाठी येतात. गावाकडे त्याला अवधाण आले म्हणतात आणि पायाला लागलेल्या ठेचेवर त्याचा ठपका ठेवतात. कधी ते खरेही असते. तीन आठवड्यांत बरी न होणारी जखम असेल तर मात्र अंदाज बांधत बसू नये. तिचा लहानसा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, हाच निदानाचा मार्ग आहे.

इतके सोपे निदान असताना रुग्ण उशिरा का येतात? गरिबीमुळे, असे उत्तर आपण सवयीने देतो. ते अपुरे आहे असे माझे मत एका फाइलीमुळे बनले. काही वर्षांपूर्वी एका राज्याच्या राजधानीत नियुक्तीवर असताना आमच्या कार्यालयातील एक वाहनचालक वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचा दावा घेऊन आला. सेवेची वीसेक वर्षे झालेला, अबोल, नेकीने वागणारा माणूस. दार लोटून तो उभाच राहिला. "साहेब, हा कागद खालून न येता आपल्याकडूनच मंजूर होऊ शकेल का?" असे त्याने विचारले. कागदावर आजाराचे नाव होते. चौदा महिने त्याने जखम अंगावर काढली होती. त्यांतले सहा महिने बसस्थानकाजवळच्या एका गुप्तरोग दवाखान्याच्या मलमात गेले होते. पत्नीला त्याने आठव्या महिन्यात सांगितले. त्यातही, तिला आपल्याविषयी भलतीच शंका येईल, ही भीती त्याला आजाराहून मोठी वाटत होती.

या माणसाला उपचारासाठी एक पैसाही पदरचा खर्च करायचा नव्हता. केंद्रीय कर्मचाऱ्यांचे वैद्यकीय नियम १९४४ पासून आहेत, रुग्णालय हाकेच्या अंतरावर होते, रजा शिल्लक होती. आमच्या शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर किंमत शून्य होती आणि तरीही मागणी शून्य होती. याचा अर्थ किंमत शून्य नव्हती. ती रुपयांत मोजली जात नव्हती, एवढेच. त्याचा दावा नियमाप्रमाणे लिपिक, अधीक्षक, लेखा शाखा आणि पुन्हा लिपिक अशा सात हातांतून जाणार होता आणि प्रत्येक टिपणीवर रोगाचे नाव नव्याने लिहिले जाणार होते. ते कागद मी बंद लिफाफ्यात ठेवून मंजुरीच्या टिपणीवर केवळ रक्कम व नियम लिहिला. पुढे 'मूळ देयके नस्तीस जोडलेली नाहीत' असा लेखा आक्षेप यथावकाश आलाच. त्याला उत्तर देता आले. परंतु असा लिफाफा ही एका अधिकाऱ्याच्या मर्जीची बाब असू नये. आजाराचे नाव केवळ मंजुरी देणाऱ्या आणि वैद्यकीय तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यापुरते राहील, अशी तरतूद नमुन्यातच हवी.

या वाहनचालकासारखे पुरुष सरकारी दवाखान्यात गेले असते तरी काय झाले असते, याचाही विचार केला पाहिजे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने लैंगिक संसर्गांसाठी रंगीत औषधसंचांची पद्धत आणली. जननेंद्रियावरील व्रणासाठी पांढरा संच, पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यास निळा, नागिणीसारखे फोड असल्यास तांबडा. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणीही संसर्गाचा उपचार त्याच दिवशी व्हावा, हा त्यामागचा हेतू उत्तम होता आणि या पद्धतीने मोठे काम केले आहे. मात्र लैंगिक संसर्गासाठी आखलेल्या मार्गावर पंचावन्न वर्षांचा कर्करोगी येऊन उभा राहिला तर त्याला आधी एक संच, मग दुसरा संच आणि वर 'कुठे गेला होतास?' हा प्रश्न मिळतो. महिना-दोन महिने असे जातात आणि प्रश्न विचारणाऱ्याकडे तो पुन्हा फिरकत नाही. चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाच्या जननेंद्रियावरील जखम एका संचानंतर तीन आठवड्यांत भरली नाही, तर दुसरा संच न देता त्याला बायोप्सीसाठी जिल्हा रुग्णालयात पाठवावे, एवढी एक ओळ त्या सूचनांत ठळक अक्षरांत असली पाहिजे. भिंतीवरील जाहिरातींसाठी १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत कर्करोगही आहे आणि लैंगिक दुर्बलताही. पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितलेली आहे. भिंती तरीही रंगलेल्याच आहेत.

उपचाराबद्दल लोकांच्या मनात एकच चित्र असते, ते म्हणजे अवयव कापून टाकणे. याच भीतीने माणूस लांब राहतो आणि लांब राहिल्यामुळेच तशी वेळ येते. आजार अगदी वरच्या थरात असेल तर विशिष्ट मलम, लेझर किंवा केवळ बाधित त्वचा काढणे पुरते. काही रुग्णांत किरणोपचाराने अवयव वाचविता येतो. गाठ बोंडात खोल गेली असेल तर अवयवाचा काही भाग काढावा लागतो. पण पुरेशी लांबी उरल्यास पुरुष उभ्याने लघवी करू शकतो आणि पुष्कळदा वैवाहिक जीवनही चालू राहते. आजार फार पुढे गेला असेल तरच संपूर्ण अवयव काढून लघवीचा मार्ग वृषणांच्या मागे करून द्यावा लागतो. अशा माणसाला पुढे कायम बसूनच लघवी करावी लागते. आपल्या बहुतेक कार्यालयांतील पुरुषांच्या स्वच्छतागृहात ओळीने मुताऱ्या असतात आणि कोपऱ्यात एखादेच शौचकूप, तेही बऱ्याचदा कुलूपबंद. प्रवाशांच्या फलाटावर आणि मजुराच्या ठेक्यावर याहून वाईट स्थिती आहे.

जीव वाचणार की नाही हे मात्र मुख्यतः जांघेतील लसिका ग्रंथींवर ठरते. त्या बाधित नसतील तर पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. आजार ओटीपोटातील ग्रंथींपर्यंत गेला तर ते निम्म्याच्या पुष्कळ खाली घसरते. हाताला गाठ लागत नसली तरी सुमारे पाचव्या हिश्शाच्या रुग्णांत तेथे सूक्ष्म बाधा असू शकते, म्हणून धोका अधिक असलेल्या रुग्णांच्या ग्रंथी काढून तपासतात. आजार पसरलेला असल्यास केमोथेरपीची जोड द्यावी लागते. 'मूळ गाठ काढली, आता घरी जा' असे सांगून जांघेकडे न पाहणारा शल्यचिकित्सक अर्धेच काम करतो.

शासनाने काय करावे, याकडे आता येतो. सरसकट सर्व पुरुषांची तपासणी मोहीम काढावी, असे मी म्हणणार नाही. इतक्या विरळ आजारासाठी ती परवडणारी नाही आणि तिचा लाभही तेवढा नाही. परंतु जी यंत्रणा आज घरोघरी जातेच आहे, तिच्या प्रश्नावलीत एक प्रश्न वाढविण्यास खर्च येत नाही. २०१६ मध्ये केंद्र शासनाने तीस वर्षांवरील सर्वांसाठी मधुमेह, उच्च रक्तदाब आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. आशा कार्यकर्ती त्यासाठी जे पत्रक भरते त्यात स्त्रियांना विचारावयाच्या प्रश्नांचा वेगळा भाग आहे आणि तो योग्यच आहे. पुरुषांसाठी तसा भाग नाही. तो घातला तरी आशेने, म्हणजे गावातल्याच एखाद्या सुनेने, गावातल्या सासऱ्या-दिरांना हा प्रश्न विचारावा, ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. त्यासाठी उपकेंद्रावर पुरुष आरोग्य सेवक असतो. कागदावर असतो, असे म्हणणे अधिक अचूक. आरोग्य सेविकेच्या वेतनाचा भार परंपरेने केंद्राने उचलला, पुरुष सेवकाचा राज्यांवर राहिला, आणि राज्यांनी ती पदे भरली नाहीत. देशातील निम्म्याहून अधिक उपकेंद्रांवर हा माणूस नाही, असे ग्रामीण आरोग्याचे शासकीय अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. हिवतापापासून तंबाखूपर्यंत पुरुषांशी बोलण्याची जी जी कामे अडतात, त्यांचे मूळ या एका वेतन-विभागणीत आहे.

तोवर एक सोय हाताशी आहे. मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात पुरुष दरमहा येतातच. मधुमेहात या त्वचेचा दाह आणि त्वचा आवळत जाणे नेहमीचे आहे. शिवाय लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही नवी औषधे एकस्व संपल्याने अनुक्रमे २०२० आणि २०२५ पासून स्वस्त झाली असून त्यांच्यामुळे तेथे बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. त्वचा मागे सरकते का, जखम आहे का, हे दोन प्रश्न गोळ्या देतानाच विचारता येतील.

एचपीव्ही लसीच्या बाबतीत आपले धोरण मुलींपुरते विचार करते. सिक्कीमने २०१८ मध्ये मुलींना लस दिली, २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणास प्रोत्साहन देण्याचे जाहीर झाले. पैसा मर्यादित असताना मुलींना प्रथम द्यावे, हे मला मान्य आहे, कारण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा भार कितीतरी पट मोठा आहे. मात्र ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून आणि ब्रिटनने २०१९ पासून मुलांनाही ही लस दिली आहे आणि आपल्या देशात तयार झालेल्या लसीला मुलगे व मुली दोघांसाठी मान्यता आहे. तेव्हा ज्या पालकांना ऐपत आहे त्यांना तरी ही लस मुलग्यांनाही देता येते, हे शासनाच्या प्रचारसाहित्यात सांगायला हरकत नसावी.

शेवटचा मुद्दा उपचार कोठे व्हावेत याचा. ब्रिटनने २००२ मधील मार्गदर्शक तत्त्वांनंतर या विरळ कर्करोगाचे उपचार मोजक्या केंद्रांत एकवटले, म्हणजे तेथील शल्यचिकित्सकांचा हात बसला आणि अवयव वाचविण्याचे प्रमाण वाढले. आपल्याकडे २०१२ पासून राष्ट्रीय कर्करोग ग्रिड आहे. तिच्यातील प्रत्येक मोठ्या राज्यामागे एक-दोन केंद्रे या कामासाठी नेमून देता येतील. उपचाराचा खर्च गरीब कुटुंबासाठी २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेतून पाच लाखांपर्यंत मिळतो. उरतो तो फेरतपासणीचा प्रश्न. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी जांघ तपासावी लागते आणि नेमका येथेच आपला रुग्ण गळतो. रेल्वेची कर्करुग्णांना सवलत आहे, पण बुडालेली मजुरी कोण देणार? क्षयरुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये थेट खात्यात दिले जाऊ लागले आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते हजार झाले. तीच पद्धत येथे वापरता येईल. वर्षाला दहा हजार रुग्ण, प्रत्येकाच्या दोन वर्षांत आठ फेऱ्या, दर फेरीमागे हजार रुपये, असा हिशेब केला तर एका वर्षाच्या सर्व रुग्णांसाठी मिळून आठ कोटी रुपये लागतात. केंद्राचे आरोग्याचे वार्षिक अंदाजपत्रक एक लाख कोटींच्या घरात आहे.